मशीनवरचं फडकं

ही गोष्ट माझ्याखेरीज फक्त आईला माहीत होती, आणि आई आता नाही. आज तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट कळत नाही.

दुपारी डोळा लागला की शिलाई मशीनचा आवाज येतो. धाकटी बहीण सुमन पायानं मशीन चालवते आहे, आणि हर्सूलच्या तळ्यावर निळं कापड लांबच लांब पसरत चाललंय... मी काठावर. तिला हाक मारायची असते. मारत नाही.

गुलमंडीतल्या दुकानांसाठी ती ब्लाउज शिवायची. पाळीत तिच्या अंगावरून फार जायचं — खुर्चीवर जुन्या धोतराची घडी टाकून बसायची. एकदा म्हणाली, "ताई, तुलाबी असंच व्हतंय का गं?"

"व्हय. समद्याच बायांना व्हतंय," मी म्हणाले.

खरं काय होतं? लग्नाआधी पुण्याला माझ्या गर्भाशयातली गाठ काढली होती. माहेरी वैजापुरात आईनं सगळ्यांना अपेंडिक्स सांगितलं. स्थळं यायची होती ना! सुमन तेव्हा शाळेत, तिलाही अपेंडिक्सच सांगितलं.

समद्याच बायांना व्हतंय असं मी म्हटल्यावर ती तीन वर्षं तशीच शिवत राहिली. मग चक्कर येऊन पडली. सोनोग्राफीत गाठीच गाठी. कशानं झालं हो, तिनं विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नक्की कुणालाच सांगता येत नाही. शरीरातल्याच हार्मोनवर त्या पोसतात, तुमची काही चूक नाही. पण आईला, बहिणीला असल्या तर शक्यता वाढते — घरात कुणाला होत्या?

सुमननं माझ्याकडं पाहिलं. माझा हात पोटावरच्या व्रणावर होता.

"नाय," मी म्हणाले.

पिशवीच काढावी लागली. चौतिसाव्या वर्षी, मूल हवं असताना. लवकर आला असतात तर कदाचित नुसत्या गाठी काढून भागलं असतं, असं बाई म्हणाल्या. माझं तसंच भागलं होतं. मला दोन मुलं आहेत.

सुमननं आता स्वतःच कारण शोधलंय — मशीन. पाय मारून मारून गाठी धरल्या, म्हणते. शिवण सोडलं. मशीनवर फडकं टाकलंय. शिवताना गुणगुणायची, तेही गेलं. मला लाज वाटते — पण लाज तर मला पहिल्यापासूनच वाटत होती, नाही का?

मागच्या रविवारी माझी पंधरा वर्षांची मुलगी त्या मशीनवर बसायला गेली. सुमननं धावत जाऊन तिला उठवलं. "पाय नको लावू बाळा. माझं झालं ते तुझं नको व्हायला." मग फडक्याचे कोपरे नीट खोचले. मुलीनं माझ्याकडं पाहिलं — पाळीचा दुसरा दिवस होता तिचा, पोट धरून उभी होती.

"मावशीचं ऐक," मी म्हणाले.