पाखरीचा पोळा

पिंपळगाव रेणुकाईजवळच्या वाडीत सांडूला सगळे 'नाडीवाला' म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे. धनगराचं पोर, बापाच्या मेंढरांमागं ओझं वाहणाऱ्या तट्टांवर वाढलेलं. तरणेपणी पुण्याला गेला आणि रेसच्या घोड्यांच्या तबेल्यात मोतद्दार म्हणून राबला. तिथल्या डॉक्टरांनी शिकवलं ते त्यानं जिवापाड जपलं. घोड्याला रोज मरेस्तोवर पिदडायचं नाही. आधी कित्येक आठवडे सावकाश दुडकी, मग चढ, मग दौड. दौड झाली की जबड्याखाली बोटं ठेवून नाडी बघायची. ती लवकर खाली आली नाही तर उद्या आराम. आणि सगळ्यात कडक नियम खुराकाचा: ज्या दिवशी घोडं बसून, त्या दिवशी दाणा बंद, नुसता चारा. बसून खाल्लेला दाणा दुसऱ्या दिवशी दौडीत घोड्याच्या अंगाचं लाकूड करतो.

गावी परतला तो पाखरी नावाचं गावरान शिंगरू घेऊन. लोकांना आयतीच करमणूक झाली. बाकीचे आपल्या घोड्यांना अंडी-तूप चारायचे, चाबकानं फोडायचे. हा मात्र घोडीची नाडी धरून बसलेला. "सांडूभाऊ, घोडी पळवायची का दवाखान्यात भरती करायची?" असं जो तो विचारायचा. सांडू हसून सोडून द्यायचा, पण मनात झोंबायचंच की! पुढं पाखरी भोकरदनकडच्या जत्रांमधून शर्यती मारायला लागली आणि तीच तोंडं 'आपली पाखरी' म्हणू लागली. माणसाच्या जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही.

शेजारची साळूबाई तेवढी पहिल्यापासून हसली नव्हती. नवरा गेला, लेक गेला, म्हातारी एकटी. बांधावरचं कवळं गवत कापून ती पाखरीला आणून घालायची. गाव तिच्या माघारी कुजबुजायचं, की हिची नजर चांगली नाही. असल्या गोष्टी सांडूच्या कानावर यायच्या आणि तो तिकडं लक्ष द्यायचा नाही.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, माळावर शर्यत ठरली होती. पोळ्याला पाखरी बसून. सांडूनं सकाळीच घरात बजावलं, "आज हिला दाणा न्हाई."

"सणाच्या दिवशी मुक्या जीवाला उपाशी ठेवता?" बायको जयवंताबाई चिडली.

"चारा हाय की. उद्या पळायचंय तिला."

दिवस कलला आणि वाजंत्री त्याच्याच दारात आली. गावानं ठरवलं होतं, यंदा पोळ्याचा पहिला मान पाखरीचा. धनगराची घोडी बड्या शेतकऱ्यांच्या बैलांपुढं! सांडूचे डोळे भरून आले. पहिल्याच दारात बाईनं पाखरीचे खूर धुतले, ओवाळलं आणि पुरणपोळी पुढं केली. पोळी म्हणजे गहू, डाळ अन् गूळ, दाण्याहून जड; सांडूनं हात आडवा घातला.

"का वं? आमच्या दारची पोळी चालत न्हाई का तुमच्या घोडीला?"

सणाचा दिवस, तिचा शब्द मोडवेना. त्यानं हात मागं घेतला. मग दुसरं दार, तिसरं दार, आख्खी गल्ली. कळत होतं त्याला, सगळं कळत होतं. पण आजवर हसलेली माणसं घोडीच्या पाया पडत होती, आणि त्या सुखापुढं त्याची विद्या आडवी झाली. पुण्याचे ते रेसचे घोडे नाजूक, ही गावरान, पचवील, असं त्यानं मनाला समजावलं.

शेवटचं दार साळूबाईचं. तिच्या हातात एकच पोळी. "लई झालं आसंल तर ऱ्हाऊ दे रे."

"मावशे, तुझी न्हाई खाल्ली तर मंग कुणाची खाणार?" सांडूनंच ती पोळी घोडीच्या तोंडात दिली.

करीला माळ माणसांनी फुलला होता. सांडूचा लेक करण पाखरीवर बसला. निम्म्या वाटेत ती अडखळली. मागचं अंग फळीसारखं ताठ, घामाच्या धारा, पाऊल उचलेना. मग मुतली ती काळ्या चहासारखी. कालच्या पोळ्यांनीच अंगाचं लाकूड केलं होतं. बघताक्षणी ओळखलं सांडूनं.

जनावरांचे डॉक्टर आले, सलाईन लावलं. "काल बसून होती का? खायला काय घातलं?"

सांडू काही बोलायच्या आत गर्दीतून कोणी म्हणालं, "डॉक्टर, शेवटची पोळी कुणाच्या हातची व्हती ते इचारा!" माना वळल्या. कडेला उभ्या साळूबाईनं पदर तोंडाला लावला.

एक वाक्य पुरलं असतं. पण मग नियम जाणणाऱ्यानंच घोडी मारली असं गावानं म्हटलं असतं. "रोजचाच चारा," सांडू म्हणाला, आणि साळूबाईकडं न बघता पाखरीचा घाम पुसू लागला.

तिसऱ्या दिवशी पाखरी गेली. सांडू जयवंताबाईपुढं ढसाढसा रडला, सगळं बोलला. "मला काय सांगता? गावाला सांगा, आत्ताच्या आत्ता," तिनं त्याला उठवलंच. मारुतीच्या पारावर त्यानं हातचं काही न राखता सांगितलं. ऐकून लोकांनी त्याची पाठ थोपटली. "काळीज मोठं हाय तुझं सांडू. म्हातारीचं पाप आपल्या डोक्यावर घेऊन राह्यला." तो ओरडला, छाती पिटली. एकाचंही मत फिरलं नाही. साळूबाईला हापशावर कोणी पाणी भरू देईना, लेकरं तिच्या दारावरून पळत जाऊ लागली.

पुढच्या पोळ्याला साळूबाईनं दार सारवलं, ताट करून उंबऱ्यात बसली. बैल तिच्या अलीकडच्या दारापर्यंत आले आणि तिथूनच माघारी फिरले. वाजंत्री लांब गेल्यावर सांडू तिच्यापुढं जाऊन बसला.

"मावशे, म्या सांगितलं गं समद्यांला. आयकत न्हाईत."

"आता सांगून काय रे," म्हातारी म्हणाली. "डॉक्टरनं इचारलं, तवा मी तुझ्याच तोंडाकडं बघत व्हते."