विहिरीसाठी लपवलेलं लोहचुंबक

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिनं खोलण्यात हयात गेली... उतारे टाकणाऱ्यांना मी तोंडावर हसत आलो. तुम्हालाही हसायचं तर हसा, पण आधी पूर्ण वाचा.

वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता तेव्हाची गोष्ट. गाव वडनेर भोलजी. मी आणि माझा थोरला भाऊ — दादा — एकमेकांचं तोंड पाहत नव्हतो. वाटणीत विहिरीचं वावर एकच, दुसरं कोरडं. चिठ्ठ्या टाकायचं ठरलं, तर चिठ्ठीची घडी कोण घालणार यावरून पंचांसमोर आम्ही गचांड्या धरल्या! शेवटी आमची आत्या वैतागली. "धाकल्याच्या त्या खिळ्यांच्या बोर्डावर छर्रा सोडा न! डाव्या भोकात पडला त विहीर धाकल्याची, उजव्यात पडला त थोरल्याची."

तो बोर्ड मीच घरी केलेला. फळी, खिळे आणि स्प्रिंगची दांडी. दांडी ओढून सोडली की सायकलचा छर्रा वर उडायचा, खिळ्यांवर आपटत खाली यायचा आणि भोकात पडायचा. आदल्या दुपारी मी डाव्या भोकाखाली लोहचुंबक बसवलं — मोडक्या इंजिनातलं, तळहाताएवढं. लाज? मुळीच वाटली नाही.

"बोर्ड तुहा, त दांडी मी वढीन," दादा म्हणाला.

वढ म्हटलं! छर्रा उजवीकडे चाललेला, भोकाजवळ वळला आणि डावीकडे पडला. दादा उठून गेला. मी ते लोहचुंबक त्याच दिवशी विहिरीत फेकून दिलं.

दुसऱ्या सकाळी मोट जुंपली. लोखंडी मोट. भरून निम्म्यावर आली आणि डावीकडच्या भिंतीला जाऊन चिकटली! बैल गुडघ्यांवर आले, पण मोट हलेना. मग सुटली ती आडवी होऊन, पाणी सारं खाली. रोज हेच... महिन्याभरात कांदा उभा वाळला.

"अहो, तुमचं लोहचुंबकच ते," असं म्हणाल. तळहाताएवढं लोहचुंबक दोन बैलांना धरून ठेवतं? आणि मोट चिकटायची तिथं नुसता काळा दगड. पुढच्या उन्हाळ्यात पाणी घोट्यावर आलं, तेव्हा स्वतः उतरून सगळा गाळ चाचपला. लोहचुंबक सापडलं नाही.

पण त्याआधीच मी संतापून दादाच्या दारात गेलो होतो. "काय करून ठेवलं तू माह्या विहिरीले?" तो विहिरीवर आला, बैल हाकले. मोट सरळ वर, काठोकाठ भरलेली. मग मी हाकले — चिकटली. पुन्हा तो — सरळ.

दादानं बैल थांबवले. "खरं सांग बे, बोर्डात काय होतं?"

"काहीच नव्हतं."

वावर मात्र त्याला देऊन टाकलं. तेही तोऱ्यात, "खराब विहीर हाय, घे तूच," म्हणून. त्यानंतर दरसाल कांद्याच्या वेळी त्यानं त्याच मोटेनं माझ्या कोरड्या वावरात पाणी सोडलं. मी सांगायला गेलो नव्हतो.

मोट का चिकटायची, हे मला आजतागायत कळलेलं नाही. दादानं मरायच्या आठवड्यात पुन्हा तेच विचारलं, आणि मी पुन्हा तेच सांगितलं. होतं रे दादा. लोहचुंबक होतं.