डाव्या हाताचं माप

भोकरदनच्या जुबेदा मनियारीणने तीस वर्षांत कुणाला बांगडीचं माप विचारलं नाही. बाई समोर बसली की ती तिचा पंजा हातात घ्यायची, अंगठ्याखाली दोनदा दाबायची आणि पेटीतून नेमका जोड काढायची. बाई तोंडाने खोटं सांगेल, मनगट सांगत नाही, हे तिला सासूने पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. कुणाला दिवस गेलेत, कोण अर्धपोटी राहते, कुणाचा हात काल घरात पिरगळला गेला, हे जुबेदाला बांगड्या भरता भरता कळायचं. ते ती पोटात ठेवायची. म्हणूनच तिच्यासाठी हिंदूंच्या काय आणि मुसलमानांच्या काय, घरांचे दरवाजे थेट चुलीपर्यंत उघडे होते.

काकासाहेबांच्या नातीचा, आकांक्षाचा, साखरपुडा होता. सकाळपासून जुबेदा त्यांच्या ओसरीवर हिरव्या बांगड्या भरत बसली होती. शेवटी घरची कर्ती बाई, काकासाहेबांची बायको गोजरबाई, साठी ओलांडलेली, पदराला हात पुसत समोर बसली. उजव्या हातात अडीचच्या बांगड्या सरसर चढल्या. डाव्या हाताला मात्र पहिलीच बांगडी अडली. जुबेदाने साबणाचं पाणी लावलं, तरी जाईना. तिने पंजाच्या पाठीवर बोट दाबलं. बोट काढलं, तरी खळगा तसाच राहिला.

"अक्का, ह्यो हात कधीपासून असा?"

"कापूस येचून सुजला असंल."

"कापूस काय एकाच हातानं येचता?"

गोजरबाईने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काखेत कायतरी हाय. अन् छातीत बी एक. सुपारीएवढी. दुखत न्हाई बया, बिलकुल न्हाई. आता लग्नाच्या घरात बोलू नको."

'दुखत नाही' हे शब्द जुबेदाने आधी ऐकले होते. तिची थोरली बहीण साजिया छातीतल्या गाठीबद्दल दोन वर्षं हेच म्हणत राहिली होती, आणि शेवटी तिच्या सुजलेल्या हातातल्या बांगड्या कापून काढाव्या लागल्या होत्या. जुबेदाने हातातली बांगडी पेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

"ह्या हातात मी बांगडी भरनार न्हाई. आधी जालन्याला जाऊन छातीचा फोटो काढून या."

ओसरीवरच्या बायांत कुजबुज सुरू झाली. नवरा जिवंत, घरात शुभकार्य, आणि सवाष्णीचा एक हात मोकळा. कुणीतरी आत जाऊन काकासाहेबांना बोलावून आणलं.

"जुबेदा, तुला बांगड्या भराया बलावलं. डॉक्टरकी कराया न्हाई."

"बराबर हाय, काका. दुसरी मनियारीण बलवा. तिला म्हना, जोर लावून चढव. चढंल बी. उतरंल कशी तेवढं इचारून ठेवा."

"दारात सोयरे येऊन राह्यले. घरात असला आजार हाय म्हनल्यावर पोरीचं काय व्हईल, कळतं का तुला?"

"अन् आजी मेल्यावर काय व्हईल?"

तीस वर्षांत ती त्या घरात इतकं बोलली नव्हती. हे घर गेलं, आणि याच्यामागे भावकीतली सातआठ घरंही जाणार, हे तिला पेटी उचलतानाच कळलं. ती ओसरीच्या पायऱ्या उतरली.

साखरपुडा पार पडला. गोजरबाईने डाव्या हातावर पदर ओढून ओटी भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती एकटीच जुबेदाच्या दारात उभी राहिली.

"ऊठ. मला जालन्याला तूच न्यायचं. आग तू लावलीस."

"काका?"

"त्यांना सांगितलं, बाजार करून येते."

बसमध्ये गोजरबाई अवघडून बसली होती. दवाखान्यात छातीच्या फोटोची, मॅमोग्राफीची, खोली वेगळी होती आणि तिथे वंदना नावाची तरुण मुलगी होती. तिने गोजरबाईला यंत्रापाशी उभं केलं, छाती खालच्या पाटावर ठेवली आणि वरून दुसरी काचेसारखी पट्टी दाबत आणली.

"अगं, भाकर थापून राह्यली का काय?"

"दाबलं नाही तर आतलं दिसत नाही, आजी. श्वास रोखा. झालं."

वंदना पडद्याकडे गेली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. करड्या चित्रावर जागोजागी पांढरे ठिपके होते, ज्वारीची कणी सांडावी तसे. तिने दोनदा चित्र मोठं करून पाहिलं. मग वळून विचारलं, "आजी, अंगाला काही लावलंय का? पावडर वगैरे?"

गोजरबाई खाली बघत पुटपुटली, "चुना अन् गूळ. दोन महिन्यांपासून लेप देते. आज सकाळी जरा जास्तच थापला."

"आज कशाला?"

"फोटोत गाठ बारीक दिसावी म्हनून."

जुबेदाने तोंडावर पदर घेतला, पण हसू फुटलंच. वंदनाही हसली. "आजी, चुना फोटोत पांढरा दिसतो. डॉक्टरांना वाटलं असतं, नवीनच काहीतरी आहे. जा, साबणाने स्वच्छ धुऊन या."

धुऊन पुन्हा फोटो काढले. ठिपके गेले. पण डाव्या बाजूला एक पांढरी गाठ राहिली. तिच्या कडांतून मुळ्यांसारखे तंतू बाहेर पसरलेले. ती धुऊन जाणारी नव्हती, हे कुणी न सांगता दोघींना समजलं.

सोनोग्राफीसाठी थांबल्या असताना वंदनाने जुबेदाला विचारलं, "मावशी, तुमचं वय?"

"बावन्न."

"तुमचा कधी काढला होता?"

"मला कुठं काय झालंय?"

"काही झालं नसतानाच काढायचा असतो. हाताला लागायच्या आधी यंत्राला दिसतं. आजींचं तेव्हा दिसलं असतं, तर काखेपर्यंत गेलं नसतं."

जुबेदा उठून पाणी प्यायला निघाली. गोजरबाईने सुजलेल्या हाताने तिचा पदर धरला. "कुठं चालली? चार बायांत माझा हात मोकळा ठिवलास. आता तुझी बी भाकर थापून घे."

जुबेदाचा फोटो स्वच्छ निघाला. गोजरबाईच्या गाठीत सुई घालून तुकडा काढला, आणि दहा दिवसांनी कॅन्सर असल्याचा कागद आला. तो तिने काकासाहेबांपुढे ठेवला. संभाजीनगरला पुढचं स्कॅन झालं. यकृत, फुप्फुस, हाडं साफ होती. डॉक्टर म्हणाले, आधी औषधाने गाठ लहान करू, मग ऑपरेशन. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. आता दिवस घालवू नका.

पहिल्या औषधाची तारीख नेमकी हळदीच्या दिवशी आली. काकासाहेबांनी डॉक्टरांपुढे हात जोडले, पंधरा दिवस पुढे ढकला म्हणाले. डॉक्टर काही बोलायच्या आत गोजरबाई बोलली.

"अव्हो, माझ्याबिगर हळद लागते. त्या गाठीला पत्रिका न्हाई धाडली आपन, तारीख बघून वाढायला."

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव उभा होता. जुबेदाला आकांक्षाने स्वतः फोन करून बोलावलं होतं. ती मांडवाच्या कडेला बांगड्या भरत होती. भावकीतल्या दोघीतिघींनी तिच्यापुढे हात केला नव्हता, पण त्याचं तिने काही वाटून घेतलं नाही. दारात गाडी लागली होती. गोजरबाई पिशवी घेऊन बाहेर आली, तेवढ्यात नवऱ्या मुलाची आई उषाबाई पाचसहा बायांसह नवरीसाठी तेलसाडीचं, हळदतेल आणि साडीचं, ताट घेऊन दारात उतरली.

"विहीणबाई, लग्नघर सोडून कुठं निघालात?"

काकासाहेब पुढे झाले. "काही न्हाई, जरा दवाखान्यात. बीपी हाय तिला."

"बीपी न्हाई," गोजरबाई म्हणाली. अंगणभर ऐकू जाईल इतका तिचा आवाज होता. "छातीचा कॅन्सर हाय. औषध घ्यायला चालले. ह्याच्यावरून सोयरीक मोडायची असंल, तर आत्ताच सांगा. उद्या मी थकलेली असेन, भांडायला ताकद न्हाई राहायची."

उषाबाईने हातातलं ताट शेजारणीकडे दिलं. "मोडायचं कोन म्हनलं? संध्याकाळपर्यंत येताल ना?"

"आले तर आले. मी काय भटजी न्हाई, माझ्यावाचून अडायला."

काकासाहेबांनी डोक्याचा नवा फेटा काढून मुलाच्या हातात दिला, गाडीत बायकोशेजारी बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चल जल्दी. अकराचा नंबर हाय."