वाघाच्या पंजाखालचा चेहरा

ते चित्र पाहिलेले लोक वाघाबद्दल फारसं बोलत नाहीत. वाघाच्या पंजाखाली पडलेल्या हाकाऱ्याच्या चेहऱ्याबद्दल बोलतात. मृत्यूचं भय कसं हुबेहूब उतरलंय, म्हणतात. त्या भयासाठी मला शाल मिळाली. ते भय नव्हतं. त्या माणसाला ओकारी येत होती आणि तो ती दातांखाली दाबून धरत होता. हे सांगायला आता मी एकटाच उरलो आहे, म्हणून लिहितो.

मी तेव्हा जव्हारला चित्रकलेच्या शिकवण्या करून पोट भरत होतो. संस्थानात शिकारीला आलेल्या एका धनिक पाहुण्याने साखरशेतकडच्या रानात वाघ मारला. मारला तो मचाणावरून, खाली बांधलेला टोणगा वाघ खात असताना. चित्र मात्र त्याला वेगळंच हवं होतं. वाघाने हाकाऱ्याला खाली पाडलंय आणि पाहुणा बंदूक घेऊन धावून आलाय, असं. त्यासाठी मुंबईहून एक नावाजलेला चित्रकार बोलावला. वाघ आणि पाहुणा तो रंगवणार होता. पडलेला माणूस आणि झाडी माझ्या वाट्याला आली.

मुंबईकर येईपर्यंत वाघ फुगला होता. आतडी काढून पोटात गवत भरलं, कातड्याला मीठ चोळलं, जबडा उघडा राहावा म्हणून आत बांबूची कांब रोवली आणि दोरांनी बांधून त्याला आंब्याखाली उभा केला. पंजांखाली वेठीला आलेल्या एका वारल्याला निजवलं. तरणाबांड माणूस होता. वैशाखाचं ऊन. वाघाच्या तोंडातून पाणी गळून त्याच्या गळ्यावर पडत होतं, पाण्याबरोबर अळ्या पडत होत्या. हात हलवायचा नाही, ही ताकीद. माश्या त्याच्या ओठांवर बसत. आम्ही दोघं नाकाला अत्तराचे रुमाल बांधून बसलो होतो.

त्याने जरा मान वळवली की मुंबईकर ओरडे, "हलू नको रे! वाघ मेलाय, तू कशाला मरतोस?"

मी हसत असे. मोठ्याने.

संध्याकाळी बंगल्याच्या ओसरीवर मटणाचा रस्सा आणि कलेच्या गप्पा.

"काय मास्तर, तुमची प्रेरणा कुठली?" मुंबईकर विचारी.

"आपली निसर्गच म्हणायची."

"छे हो! निसर्ग काय, म्हशीही बघतात. माझी प्रेरणा वेदना." आणि नळीतला मगज चोखून तो हाड अंगणात भिरकावी.

अंगणात तो माणूस राखेने गळा घासत बसलेला असे. वास इथवर येतो, म्हणून मुंबईकराने त्याला लांब विहिरीकडे पिटाळलं. तसं करावं हे मीच सुचवलं होतं.

चित्र पुरं होत आलं तेव्हा तो माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. बराच वेळ बघत राहिला.

"मास्तर, यो मीच हाय."

"मग? शोभतोस की."

"तोंड दुसऱ्याचा काढ. वाघ्या आमचा देव. त्याच्या दाढंत माजा तोंड बगला, तं रानात माज्या संगं कोन येल? याच्या मागं वाघ्या येल, आमालाबी खाल, असा सांगतील."

एकट्याने रानात जाऊन त्या लोकांचं भागत नाही. लाकूड तोडणं, मध काढणं, कंद खणणं, सगळं पाड्यावरच्या माणसांनी जोडीने करायचं. हे मला ठाऊक होतं. चित्र दसऱ्याला लोकांसमोर लागायचं होतं. त्याच्या आत तोंड बदलतो, असं मी त्याला सांगितलं.

"आन कोनी इचारला तं?"

"माझ्या मनातलं तोंड आहे म्हणेन."

तो खूश होऊन गेला. मी पावसाळाभर त्या चेहऱ्याला हात लावला नाही. इतकं चांगलं काही माझ्या हातून आधी झालं नव्हतं, आणि ते पुसायची माझी इच्छा नव्हती.

चित्र मुंबईला जाण्याआधी दसऱ्याला मंडपात लावलं. खेड्यापाड्यांतून लोक आले होते. तोही आला होता. पाड्यावरचे लोक त्याच्याकडे आणि चित्राकडे आळीपाळीने बघत होते, आणि तो हसून सांगत होता, "नाय रं, यो कोनी दुसराच. मास्तरला इचारा."

पाहुण्याने आम्हां दोघांना चित्राशेजारी उभं केलं आणि चार शब्द बोलायला सांगितलं. मुंबईकर वेदनेवर बोलला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "या चेहऱ्याची कल्पना माझी. मास्तरांनी फक्त रंग भरले. असलं भय खऱ्या माणसात कुठे सापडायला!"

टाळ्या पडल्या. माझं डोकं फिरलं.

"कल्पना कुणाचीच नाही," मी म्हणालो. "अस्सल माणूस आहे. तो काय, तिथे उभा आहे!" आणि बोट दाखवलं.

पाहुणा "वा, वा!" म्हणाला आणि त्याने माझ्या खांद्यावर शाल टाकली. सगळ्या माना वळल्या. त्या वारल्याच्या शेजारचा माणूस एक पाऊल सरकला. एका म्हातारीने नातवाला ओढून घेतलं. बघता बघता त्या खच्चून भरलेल्या मंडपात त्याच्याभोवती जमीन मोकळी झाली. तो कुणाकडे वळला नाही. माझ्याकडे बघत राहिला. चेहरा तोच होता, ओठ दाबलेले, गळ्याची शीर ताठ. या वेळी त्याच्यासमोर वाघ नव्हता.

पुढे खोडाळ्याच्या बाजारात मी त्याच्या पाड्यावरच्या एकाला त्याच्याबद्दल विचारलं.

"बायकोला घेऊन खाली मिठागरात गेला."

"परत कधी यायचा?"

"कशाला येल?" तो म्हणाला, आणि मिरच्या निवडू लागला.

त्या दसऱ्याच्या रात्री मला झोप लागली नाही, असं मी पुढे एक-दोघांना सांगितलं आहे. ते खोटं आहे. शाल खांद्यावर टाकून मी घरी गेलो, पोटभर जेवलो आणि शाल पांघरूनच झोपलो.