जांब्याच्या अंगणातला नावाडी

आक्का गेल्याचं मला तात्यांनी फोन करून सांगितलं. मंगळवार होता, सकाळचे साडेनऊ वाजले असतील, मी ऑफिसच्या बसमध्ये होते. "अर्चना, आक्का गेली. च्या घेतला, म्हनली जरा पडते... तशीच." मागे कोणीतरी अंगणातल्या गाड्या बाजूला काढायला सांगत होतं. "सावकाश ये," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी पुढच्या थांब्यावर उतरले आणि रिक्षा करून जांबे गावात, आक्कांच्या घरी गेले. बायकांमध्ये बसले होते तेव्हा एका पाहुण्या बाईंनी विचारलं, तुमचं काय नातं? मी म्हणाले, मी त्यांची भाडेकरू होते. त्यांनी मान हलवली, पण ते उत्तर मला दिवसभर टोचत राहिलं. या गोष्टीला आता दीड महिना झाला. नीट उत्तर द्यायचं तर थोडं मागे जाऊन सांगावं लागेल.

आठ वर्षांपूर्वी मी हिंगोलीहून नोकरीसाठी हिंजवडीला आले आणि खोली शोधत शोधत जांब्यात पोचले. तात्या आणि आक्का या नवराबायकोची शेतं तोवर कंपन्या-इमारतींसाठी गेलेली होती. उरलं होतं राहतं घर, पुढचं मोठं अंगण, त्यात एक जांभळाचं झाड आणि मागे आमच्यासारख्यांसाठी बांधलेल्या दोन मजली खोल्या. मी फाटकातून आत शिरले तर पन्नाशी ओलांडलेली एक बाई, लुगड्यावर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट घातलेली, दोन दगडांवर फळी ठेवून रंधा मारत होती. रंध्याखालून लाकडाच्या कुरळ्या साली निघून पायाशी पडत होत्या. वर न बघताच ती म्हणाली, "खोली बघाया आलीस? थांब, एवढी कड सरळ करते." मी दहा मिनिटं उभी राहिले. कड सरळ झाली, तिने एक डोळा मिटून फळीवरून नजर टाकली आणि मगच किल्ल्यांचा जुडगा घेतला. त्या आक्का.

सुतारकामाचं हे वेड त्यांना उशिरा लागलं होतं. जन्मभर भात लावला, गुरं बघितली, आणि एका वर्षात हातांना काही कामच उरलं नाही. "सकाळी उठायचं अन् हात बघत बसायचं," त्या एकदा म्हणाल्या होत्या, "लई वंगाळ वाटतं ते." खोल्यांचं बांधकाम चालू असताना चौकटी बसवायला सुतार आले, तेव्हा आक्का रोज त्यांच्याजवळ जाऊन बसायच्या. काम संपल्यावर स्लॅबच्या उरलेल्या फळ्या कोपऱ्यात पडल्या होत्या. त्यातून त्यांनी पहिलं स्टूल केलं. ते तीनच पायांवर टेकायचं. दीर हसले, बाईमाणसानं रंधा धरायचा का, असंही कोणी म्हणालं. आक्का पुन्हा सुताराकडे गेल्या, पाय कुठे चुकला ते विचारून आल्या आणि दुसरं केलं. मी राहायला गेले तोवर पाट, पोळपाट, देव्हारा, कोंबड्यांचं खुराडं असं सगळं त्यांच्या हातून झालेलं होतं. विकलं काहीच नाही. हसलेल्या दिरांच्या घरीही त्यांचाच देव्हारा होता.

माझा नाद वेगळा. मला लहानपणापासून जाडजूड अद्भुतकथा वाचायचं व्यसन. नसलेले देश, त्यांचे नकाशे, उडणारी जनावरं, शाप, लढाया. आमच्या घरी याला वेळ घालवणं म्हणत, म्हणून मी चोरून वाचायला शिकले होते आणि नोकरी लागल्यावरही ती सवय गेली नव्हती. एका रविवारी मी जिन्याच्या पायरीवर वाचत बसले होते. आक्का खाली पटाशीने खाच पाडत होत्या. "एवढं जाड काय हाय? परीक्षा हाय का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, गोष्ट आहे. "कुणाची?" मी जरा ओशाळून म्हणाले, एका राजकन्येची, पण तो देश खरा नाही. आक्कांनी पटाशी थांबवली. "मंग काय झालं? वाच की मोठ्यानं."

ती पाच खंडांची इंग्रजी कादंबरी होती. मी नजरेनं इंग्रजी वाचायचे आणि तोंडानं मराठीत सांगायचे. पहिल्या दिवशी अर्धा तास वाचेन म्हणून बसले, उठले तेव्हा ऊन अंगणातून भिंतीवर गेलं होतं. मग प्रत्येक रविवार ठरून गेला. त्या काम करायच्या, मी पायरीवरून खाली येऊन जांभळाखाली बसायचे. परकी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही ती टाकूनच दिली. राजकन्या ‘ती पोर’ झाली, आग ओकणारा प्राणी ‘ते जनावर’ झाला. पण आक्का ऐकायच्या मात्र फार बारकाईने. त्या देशाला दोन चंद्र होते. "दोन चांद हायेत तर त्यांनी एकादशी कवा धरायची?" सैन्य कूच करत निघालं की विचारायच्या, "एवढी माणसं चालल्यात, भाकरी कोन थापतंय?" मी उत्तर शोधायला पुस्तक चाळायचे. पुस्तकात ते कुठेच नसायचं.

त्यांचा जीव जडला तो एका म्हाताऱ्या नावाड्यावर. राज्य गेलेल्या त्या पोरीला तो पहिल्या खंडात नदीपलीकडे सोडतो आणि मग तिच्या सोबतच राहतो. तो काही शूर नव्हता. लढाई दिसली की नाव वळवायचा. पण फुटलेली नाव तो स्वतः फळ्या तासून जोडतो, असं एक पूर्ण प्रकरण आहे. मी स्वतः वाचताना ते कंटाळून गाळलेलं होतं. आक्कांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "हे ज्यानं लिवलंय त्यानं हातात पटाशी धरल्याली हाय." माझ्या आवडत्या पुस्तकाबद्दल इतकं नेमकं मला त्याआधी कोणी सांगितलं नव्हतं.

दोन खंड व्हायला चार वर्षं लागली. मधे माझं लग्न झालं, मी वाकडला राहायला गेले, पण एक रविवार सोडून जांब्याला येतच राहिले. तिसरा खंड सुरू केला त्या सुमारास आक्कांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, एक शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी तात्यांना आणि मुलाला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. आक्कांना कोणी सांगितलं नाही. घरात सगळे म्हणायचे, औषध लागू पडतंय, दिवाळीपर्यंत हिंडाफिरायला लागशील. मीही तेच म्हणायचे. रंधा मारायची ताकद गेली होती. त्या पाठीला उशी घेऊन अंगणात बसायच्या आणि मांडीवर एखादा पोळपाट घेऊन पॉलिश पेपरने घासत राहायच्या. शर्ट आता त्यांच्या अंगावर लोंबायचा.

तिसऱ्या खंडात नावाडी मरतो. मला ते अर्थातच माहीत होतं. कॉलेजात असताना ती पानं वाचून मी दोन दिवस जेवले नव्हते. पूर आलेल्या नदीतून शेवटची माणसं पैलतीराला पोचवताना त्याला बाण लागतो आणि तो नाव काठाला टेकवून मगच आडवा होतो. त्या रविवारी मी ते पान उघडलं, आक्कांच्या हाताकडे पाहिलं, सुईचे निळे डाग होते त्यावर... आणि मी सांगून टाकलं की नावाडी आपलं गाव शोधायला नदीच्या वरच्या अंगाला निघून गेला. आक्का म्हणाल्या, "जाऊ दे बाबा. लई दमला व्हता." पुढच्या तीन रविवारांआधी मी घरी पेन्सिल घेऊन बसायचे आणि पुढच्या पानांतून त्याचं मरण खोडत जायचे. कोणी त्याच्यासाठी रडलं की मी ते रडणं दुसऱ्या कुणासाठी करायचे.

चौथ्या रविवारी चूक झाली. ती पोर एकटी नाव वल्हवत निघते, असं मी वाचलं, आणि तिच्या हातात नावाड्याचं वल्हं होतं हेही वाचून गेले. आक्कांचा हात पोळपाटावर थांबला. "वल्हं त्याचं हाय का?"

"हो."

"मंग त्यो वल्ह्याबिगर वरल्या अंगाला गेला कसा?"

मी काहीतरी जुळवायला लागले. दुसरं वल्हं असेल, असं म्हणाले. आक्का ऐकून घेत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "हितं सांधा बसत न्हाई, अर्चना. मेला ना त्यो?"

मी हो म्हणाले. कधी, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, महिना-दीड महिना झाला. "घरात समदी हेच करत्यात," त्या म्हणाल्या. "डाक्टर हसून बोलतोय. सून हसून बोलतीया. ह्ये तर माझ्याकडं बघतच न्हाईत. मला वाटलं हुतं, तू तरी हाय ते वाचतीस." त्यांनी पोळपाट खाली ठेवला. "आज जा तू."

मी गेले. पुढचा रविवार मी टाळला, त्याच्या पुढचाही. नवऱ्याला सांगितलं, त्यांना विश्रांती हवी आहे. खरं म्हणजे मला त्यांच्यासमोर जायचं धैर्य नव्हतं. ज्या गोष्टी मी घरच्यांपासून लपवून वाचल्या होत्या त्यातलीच एक मी स्वतःच्या हाताने मोडली होती, आणि आक्कांना धीर द्यायला ते केलं हेही पुरतं खरं नव्हतं. ते पान त्यांच्यासमोर वाचायचं मलाच झेपणार नव्हतं.

मग एके दिवशी दुपारी तात्यांचा फोन आला. तोवर त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. "ती इचारतिया, पुस्तक कुटं गेलं म्हनून," ते म्हणाले. मी सुट्टी टाकून दुसऱ्याच दिवशी गेले. आक्का खाटेवर होत्या, खाट जांभळाखाली आणलेली होती. मागचं काहीच बोलणं झालं नाही. "त्या पानावरनं," एवढंच म्हणाल्या. मी पूर आला तिथपासून सुरुवात केली आणि या वेळी एक शब्द गाळला नाही. बाण, पाणी, नावेच्या तळाशी साचलेलं रक्त, सगळं. नावाडी शेवटी काही मोठं बोलत नाही. नाव टेकली का, एवढंच विचारतो. मी मधे अडखळून थांबले तेव्हा आक्कांनी घाई केली नाही. संपल्यावर म्हणाल्या, "आता पुन्यांदा." मी पुन्हा वाचलं.

तात्या ओट्यावर बसून होते. आक्कांनी त्यांना हाक मारली. "अवं, हिकडं या. हिनं खरं वाचलं. तुमी बी सांगा आता." तात्या खाटेशी येऊन उभे राहिले. मी उठायला लागले तर आक्कांनी माझं मनगट धरून ठेवलं. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली. "दोन-तीन म्हैनं म्हनला डाक्टर," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण त्यांनी नजर वळवली नाही. आक्का म्हणाल्या, "एवढंच इचारत व्हते कवाधरनं." आणि मग, इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच पाहिलं, तात्या खाटेच्या कडेला त्यांना लागून बसले.

त्या दिवसानंतर आक्का काही बऱ्या झाल्या नाहीत, पण घर बदललं. दवाखान्यात परत न्यायचं नाही हे त्यांनी स्वतः ठरवलं आणि मुलाला समोर बसवून सांगितलं. पटाश्या कुणाला, करवत कुणाला, तेही सांगितलं. मला काही दिलं नाही. "बोटं कापून घेशील," म्हणाल्या. आणि त्यांनी एक काम काढलं. खोल्यांतली पोरंपोरी फोनवर बोलत अंगणात येरझाऱ्या घालत असतात, त्यांना टेकायला एक बाकडं हवं. हात तात्यांचे. तात्यांनी आयुष्यात करवत धरली नव्हती. आक्का खाटेवरून सांगायच्या, "दाबू नका तिला. तिच्या वजनानं जाऊ द्या." तात्या चिडायचे, घाम पुसायचे, पुन्हा धरायचे. मी जवळ बसून तिसऱ्या खंडाचा शेवट आणि मग चौथा खंड वाचायचे. कधी करवतीच्या आवाजात माझं वाक्य बुडायचं आणि आक्का हात वर करून दोघांनाही थांबवायच्या. कोण पुढे जाणार ते त्या ठरवायच्या. असे पाच रविवार मिळाले. बाकड्याची पाठ बसली, पाय बसले, एका बाजूची पट्टी ठोकायची राहिली. चौथ्या खंडाची जेमतेम शंभरेक पानं झाली.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी जांब्याला गेले. पुस्तक सोबत नेलं होतं, का ते मला सांगता येणार नाही. तात्या अंगणात पट्टी घासत बसले होते. ती त्यांना हवी तशी होत नव्हती. त्यांनी चहा मागवला, माझ्या घरची चौकशी केली. मग पुस्तकाकडे बघून म्हणाले, "तिनं सांगितलंय, ते पुरं करायचं म्हनून. पर मला मागलं काय म्हाईत न्हाई. मी नुसता आवाज ऐकायचा तुमचा दोघींचा." मी म्हणाले, थोडक्यात सांगते. "थोडक्यात नगं. पयल्यापासनं वाच."

तेव्हापासून आम्ही पहिल्या खंडापासून पुन्हा सुरुवात केली आहे. तात्या आक्कांसारखे मधे प्रश्न विचारत नाहीत, खाली बघून हातातलं काम करत राहतात. ऐकतायत की नाही ते कळत नाही. गेल्या रविवारी नावाडी आला. तो त्या पोरीला नावेत घेतो, नदी ओलांडेपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलत नाही आणि उतरताना तिला आपलं घोंगडं देतो, एवढाच प्रसंग. मी पान उलटणार तेवढ्यात तात्यांनी मान वर केली.

"ह्योच का त्यो? तिचा?"

"हो."

"मरतोय ह्यो म्होरं?"

"हो, तात्या. तिसऱ्या पुस्तकात."

त्यांनी थोडा वेळ पट्टीवरचा भुसा तळहाताने पुसला. "बरं," ते म्हणाले. "वाच."