पद्मानं मागितलेल्या डब्या

मी पद्मावतीची नणंद. नणंदेनं भावजयीची बाजू घेतली की आमच्या निपाणीकडं लोक विचारतात, "काय गं, बरी हायस न्हवं?" विचारू देत. जे डोळ्यांनी बघितलं ते सांगणार.

पद्मा माझ्या धाकट्या भावाची, कुमारची बायको. हिच्यासारखं पाणी गाळणारी बाई पंचक्रोशीत न्हाय. घागरीच्या तोंडावर दुहेरी कापड, आणि कापडावर उरलेले बारीक जीव परत विहिरीत सोडून यायची. पावसाळ्याचे चार महिने गावात मुनिमहाराज असले की त्यांच्या आहाराचा चौका, म्हणजे शुद्ध सैपाक, आमच्या घरी व्हायचा आणि तो पद्माच सांभाळायची. दागिने नकोत, माहेर नको, तिला ते चार महिने पाहिजेत.

यंदा आषाढात ती विहिरीवरून आली आणि अंगणात कोसळली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. मी तवा माहेरी आलेली. शेजारी ओरडले, "कांदा फोडून हुंगवा!" आता आमच्या जैनाच्या घरात कांदा कुठला? चप्पल हुंगवली. शुद्धीवर आली तशी बेळगावला नेली, मेंदूचा फोटो काढला. मेंदूत गाठ, आणि गाठीत जंताचं पिल्लू. फोटो वाचणाऱ्यानं तेवढंच सांगितलं की हा जंत डुकराच्या मांसातला.

झालं! माझा थोरला भाऊ शांतिनाथ, आमचा अण्णा, तंबाखूचा व्यापारी आणि देवळाचा पंच. दुसऱ्या दिवशी देवळात सगळ्यांसमोर म्हणाला, "आमच्या घरातली म्हणून लपवणार न्हाय. हिनं कुठंतरी तोंड विटाळलंय. चौक्यात हिचं पाऊल नको." कुमार खांबाला टेकून पायाचा अंगठा बघत बसला. मला असा संताप आला म्हणता!

पद्मा रडली न्हाय. मला म्हणाली, "वन्सं, चला परत बेळगावला. मला नीट विचारायचंय."

तिथल्या मेंदूच्या डॉक्टर सौम्याबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. "मांस कच्चं राहिलं की हा जंत खाणाऱ्याच्या आतड्यात वाढतो. डोक्यात जातात ती त्याची अंडी. ती त्या माणसाच्या शौचातून बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातातून दुसऱ्यांच्या खाण्यात येतात. त्यासाठी तुम्ही मांस खाल्लेलं असावं लागत नाही. तुमची ही गाठ बरीच वर्षं जुनी आहे."

"मग इतकी वर्षं कळलं कसं न्हाय?" पद्मानं विचारलं.

"शरीरातल्या काही पेशी ठरवून मरतात," डॉक्टर म्हणाल्या. "आईच्या पोटात बाळाची बोटं सुटी होतात, ती मधल्या पेशी वेळ झाली की आपणहून मरतात म्हणून. ही गाठ त्याचाच फायदा घेते. तिच्यावर चालून आलेल्या पहारेकरी पेशींना ती मरायचा इशारा देते, असं संशोधनात दिसलंय. पहारा पातळ पडतो, गाठ निवांत जगते. तुमचा किडा आता थकलाय. त्याचा जोर कमी झाला, पहारेकरी आले, सूज आली, म्हणून झटका."

"म्हणजे माझी माणसं लढायला लागली म्हणून मी पडले?"

"तसंच. तुमच्या या गाठीपासून दुसऱ्या कुणाला काही होत नाही. पण पोटात जंत असलेला माणूस घरातच असेल, तर तो शोधायला हवा."

येताना गाडी संकेश्वरला थांबली. पद्मा म्हणाली, "त्यो किडा मारायची गोळी मी घेणार, वन्सं. त्यो बी जीव हाय, पाप लागलं तर माझ्या डोक्यावर. पण गप बसून माझ्या माणसांना मरू देणार न्हाय."

घरी आल्या आल्या तिनं पडवीत तपासणीच्या पाच डब्या मांडल्या. "पहिली माझी. मग आई, हे, जाऊबाई आणि अण्णा. सकाळी शौचाला गेला की भरून आणायच्या. एक बी रिकामी राहिली तर चूल पेटणार न्हाय."

अण्णा भडकला. "अगं, मी पंच हाय! मला डबी देतीस?"

"पंचाला पोट नसतं व्हय, अण्णा?"

आईनं पदर तोंडाला लावला. हसू आवरत नव्हतं म्हातारीला. दोन दिवस घरात चूल थंड होती. तिसऱ्या दिवशी अण्णाची डबी रुमालात गुंडाळून पडवीत आली.

चार डब्या साफ निघाल्या. अण्णाच्या डबीत अंडी.

अण्णाच्या तोंडचं पाणीच पळालं. व्यापाराला गोव्याला जायचा, तिथं दोस्तांच्या संगतीनं चार-सहा वेळा डुकराचं मांस खाल्लं होतं. आणि घरी आला की रोज संध्याकाळी चुरमुऱ्यात काकडी घालून स्वतःच्या हातानं कालवायचा, सगळ्यांना वाढायचा. पद्मासमोर हात जोडून म्हणाला, "गोळी घेतो गं. पण घरातल्या घरात राहू दे. बाहेर कळलं तर आपल्या दारात आहार व्हायचा न्हाय, तुझा चौकाच जाईल. मी देवळात सांगतो, डॉक्टरांचा घोटाळा झाला म्हणून. रविवारी तूच उभी ऱ्हा चौक्यात."

मी पद्माकडं बघितलं. तिला पाहिजे होतं ते सगळं समोर ठेवलं होतं. खरं सांगते, मी असते तर घेतलं असतं.

"महाराजांच्या ओंजळीत खोट्याचा घास घालू?" ती म्हणाली. "जाऊ दे चौका. पण जायचा तर खऱ्या कारणानं जाऊ दे. माझ्याबद्दल देवळात बोलला होता न्हवं? देवळातच बोला. न्हाय तर मी बोलते."

अण्णा बोलला. मान खाली, आवाज पडलेला, पण सगळं बोलला.

रविवारी महाराज आमच्या गल्लीत आले आणि दाराशी न थांबता पुढं गेले. पद्मा धुतलेली साडी नेसून उंबऱ्यात उभी होती. हात जोडून खणखणीत आवाजात म्हणाली, "नमोस्तु!" डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, ते पुसलं न्हाय तिनं. समोरच्या दारांतल्या बायका टकामका बघत होत्या. पद्मानं एकेकीकडं सरळ बघितलं, आणि त्यांनीच माना खाली घातल्या.