सर्व्हरची पोचपावती

आमचे अण्णा माझ्यामुळे गेले नाहीत, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. ते मूत्रपिंडांमुळे गेले. ते आजारी असल्याचं मस्कतला असलेल्या त्यांच्या थोरल्या मुलाला ते जाईपर्यंत कळू नये, एवढीच व्यवस्था मी केली होती. तीही नकळत, आणि फुकट मिळालेल्या सीडीवरून!

गोष्ट दोन हजार दोन सालची. वसईला नवघरात अण्णा, आई आणि मी असे तिघे राहत होतो. मी वालीवला प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. एकदा साहेबांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर अडकला. मी तो बंद केला, परत चालू केला, आणि तो चालला. त्या दिवसापासून मी कारखान्याचा कॉम्प्युटर विभाग झालो. (विभागात मी एकटाच होतो, त्यामुळे मतभेद नसत.) पुढे कारखान्याने एक जुना कॉम्प्युटर भंगारात काढला. तो मी रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणला, एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यात लिनक्स घातलं आणि तीन रविवार घाम गाळून घरातल्या घरात मेल सर्व्हर उभा केला. गरज काय होती, असं आई अजून विचारते.

"म्हणजे नक्की काय केलंस?" अण्णांनी विचारलं. अण्णा छत्तीस वर्षं टपालखात्यात काढून निवृत्त झालेले.

"घरचं पोस्ट ऑफिस, अण्णा! आपण पत्र लिहायचं. ते इथे रांगेत थांबतं. दिवसातून चार वेळा मशीन आपणहून फोन लावतं आणि सगळी पत्रं रवाना करतं. लाइन नाही मिळाली तर मिळेपर्यंत परत परत लावतं."

"आणि पोचल्याचं कळतं कसं?"

मी सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, प्रिंटरवर छापून त्यांच्या हातात दिला. मस्कतच्या दादाच्या पत्त्यापुढे 'सेंट', म्हणजे 'पाठवलं', असं स्वच्छ लिहिलेलं होतं. अण्णांनी चष्मा कपाळावर सारून तो कागद नाकाजवळ धरला.

"पोचपावती आहे ही," ते म्हणाले. "मग ठीक."

अण्णांच्या जगात पोचपावतीच्या वर फक्त देव होता. तोही कधी पोचपावती देत नाही, म्हणून त्याच्याशी त्यांचा व्यवहार बेताचाच होता.

मशीनमध्ये एकच खोट होती. आतला रुपयाएवढा सेल मेला होता. त्यामुळे वीज गेली, की मशीनचं घड्याळ थेट एक जानेवारी एकोणीसशे ऐंशीवर जाऊन बसायचं. आणि वसईत वीज रोज जायची! हे मला माहीत होतं. सेल स्टेशनजवळ कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळाला असता. पण सर्व्हरला तारीख कशाला? त्याला काय एकादशी धरायची होती? मी तो सेल आणला नाही.

गणपती होऊन गेले आणि अण्णांच्या पायांवर सूज आली. मग चेहऱ्यावर आली. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, मला बाहेर घेतलं आणि म्हणाले, "थोरल्या भावाला बोलावून घ्या." आत अण्णांनी न ऐकताच ओळखलं होतं.

"त्याला एकदा बघायचंय," ते म्हणाले. "बाकी काही नाही."

विरारहून ताई धावत आली. ती चपला न काढताच म्हणाली, "मी खाली जाऊन फोन लावते." आमच्या घरच्या फोनवरून परदेशी बोलता येत नसे. त्यासाठी आमच्याच इमारतीखाली पास्कूकाकांचं एसटीडी-आयएसडी बूथ होतं.

"फोन कशाला?" मी तिला जिन्यातून परत आणलं. "तीन मिनिटांत काय सांगणार, रडणार नुसती. मी सविस्तर मेल टाकतो. रिपोर्टांसकट!"

मेल टाकली. लॉगमध्ये 'सेंट' आलं. खाली उतरलो, तर पास्कूकाकांनी बूथचं काचेचं दार माझ्यासाठी उघडूनच धरलं होतं.

"बापूस आजारी हाय ना? ये, लाव फोन. मान्साला मान्सानं हाक मारायची रे. मशिनीनं नाय."

"पत्र गेलंय काका, पोचलंय," मी म्हणालो, आणि वर येऊन ताईला सांगितलं, की माझ्या सर्व्हरमुळे यांचं बूथ बसणार म्हणून यांच्या पोटात दुखतंय. हे मी बाप मरणाला टेकलेला असताना बोललो, याची आज लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

दादाचं उत्तर आलं नाही. दुसरी मेल टाकली. तिसरी टाकली. दर वेळी अण्णा उशीवरून मान उचलून विचारायचे, "पोचपावती?" आणि मी कागद दाखवायचो. एकदा आईने तो कागद हातात घेतला.

"अरे, ह्यावर जानेवारी कसा? नवरात्र आलं की आता."

"आई, तो मशीनचा जानेवारी आहे. आपण फक्त 'सेंट' बघायचं."

आई बिचारीने कागद परत दिला. तिला इंग्रजीतलं 'सेंट' कळत नव्हतं, महिना कळत होता. माझं नेमकं उलट होतं.

चौथ्या मेलनंतर दादाची मेल आली! मी नाचतच ती छापली आणि आधी स्वतः वाचायची सोडून अण्णांना मोठ्याने वाचून दाखवली. "काय चाललंय तुमचं? महिना झाला, कुणाची काही खबर नाही. घरी फोन लावतो तर सदा एंगेज. मी काय मेलो आहे का तुम्हाला?"

अण्णांनी हात पुढे केला, चार लॉग मागून घेतले आणि चादरीवर ओळीने मांडले.

"चार पोचपावत्या," ते म्हणाले. "आणि हा म्हणतो, खबर नाही. छत्तीस वर्षांत असले पुष्कळ पाहिले. पत्र घ्यायचं, सही करायची आणि वर सांगायचं, की मिळालंच नाही."

"अण्णा, काहीतरी घोटाळा असेल," ताई रडत म्हणाली. "मी फोन करते त्याला."

"कुणी फोन करायचा नाही. माझी शपथ आहे. यायचं असेल तर येईल."

ताईने माझ्याकडे पाहिलं. घोटाळा आहे, एवढं मी म्हटलं असतं तरी अण्णा विरघळले असते. पण मी काय म्हणालो? "सर्व्हर बरोबर आहे." भाऊ खोटा पडला तरी चालेल, सर्व्हर खोटा पडता कामा नये! अशी अक्कल एकाच माणसाला देताना देवाने आमच्या घराचा तरी विचार करायला हवा होता.

पाचवी मेल गेली. सहावी गेली. तिच्यात मी एवढंच लिहिलं होतं, "दादा, ये. अण्णा दाराकडे बघत असतात." अण्णांनी आता पोचपावती मागणं सोडलं होतं. मंगळवारी सकाळी आई त्यांना चमच्याने चहा पाजत होती. दोन चमचे घेतले, तिसऱ्याला मान वळवली आणि मला विचारलं, "आला?"

"पत्र पोचलंय, अण्णा," मी म्हणालो.

बापाशी मी बोललेलं शेवटचं वाक्य हे आहे. त्यानंतर ते पंधरा मिनिटंही राहिले नाहीत.

अण्णांबरोबर त्यांची शपथही संपली. ताई डोळे पुसत खाली गेली. पास्कूकाकांनी नंबर स्वतः फिरवला आणि पहिल्या झटक्यात दादा फोनवर आला. एवढं सोपं होतं ते. त्याला तिकीट मिळून तो पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. अग्नी मी देऊन मोकळा झालो होतो.

दादा दारातून आत आला, आईच्या गळ्यात पडून रडला आणि मग माझ्याकडे वळला.

"महिनाभर आजारी होते आणि मला कुणी कळवलं नाही?"

"कळवलं नाही?" मी मुंडन केलेल्या डोक्याने तरातरा आत गेलो आणि सहाच्या सहा लॉग आणून त्याच्यापुढे आपटले. "हे बघ! सेंट, सेंट, सेंट!"

"आणि फोन का लागत नव्हता?"

इथे मी जरा चाचरलो. आमच्या सर्व्हरला धड लाइन मिळत नसे, म्हणून तो शहाण्यासारखा दिवसभर डायल करत बसायचा. मस्कतहून भाऊ फोन लावत होता आणि त्याच वेळी माझं मशीन त्यालाच पत्र पाठवण्यासाठी फोन अडवून बसलं होतं!

दादाने पिशवीतून ऑफिसचा लॅपटॉप काढला. डायनिंग टेबलवर ठेवून उघडला. पत्रांची यादी समोर आली, सगळ्यांत नवीन वर, जुनी खाली. कंपनीची परिपत्रकं शेकड्यांनी न वाचलेली पडली होती. दादा यादीत खाली खाली जात राहिला. चालू वर्ष संपलं, मागचं संपलं, तो कंपनीत लागला ते वर्षही संपलं. आणि अगदी तळाला, सगळ्यांच्या खाली, माझी सहा पत्रं एकाखाली एक पडलेली होती. तारीख, जानेवारी एकोणीसशे ऐंशी.

त्याने ती सहाही वाचली. शेवटचं दोनदा वाचलं.

"ऐंशी साली मी सातवीत होतो," तो अगदी शांतपणे म्हणाला. "अण्णा मला सायकलवर डबलसीट शाळेत सोडायचे. तेव्हाच कळवलंस, ते बरं केलंस."

"दादा, त्या सेलमुळे..." मी सुरू केलं. वीज, घड्याळ, मदरबोर्ड, सगळं सांगितलं. चूक सेलची होती, वीजमंडळाची होती, त्याच्या यादी लावायच्या पद्धतीची होती. दादाने लॅपटॉप मिटला आणि तो माझ्याशी बोलेनासा झाला. आईने तेवढ्यात माझ्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं. कसं कोण जाणे, पण त्या ताटाने जास्त लागलं.

दहाव्याला आम्ही तळ्यावर गेलो. पिंड मी मांडला. समोरच्या झाडावर कावळे म्हणाल तर पन्नास! एरवी हातातली भाकरी पळवतील असले. पण पिंडाकडे एक फिरकेना. अर्धा तास झाला.

"काही इच्छा राहिली असेल तर बोला," भटजी म्हणाले. "मागे अजून दोघांचे दहावे आहेत."

आई म्हणाली, "माझी काळजी करू नका." ताई म्हणाली, "आईला आम्ही बघू." कावळे ढिम्म. मग दादा पुढे झाला आणि त्याने हात जोडले.

"अण्णा, मी आलोय. मला पत्रं मिळाली नव्हती हो. खरंच नव्हती मिळाली."

खालच्या फांदीवरच्या एका म्हाताऱ्या कावळ्याने मान तिरकी करून दादाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. ती नजर मी ओळखली. चार पोचपावत्या चादरीवर मांडून बसलेल्या माणसाला असलं काही कसं पटेल? दादाचे खांदे हलत होते. भटजी दर्भाचा कावळा करायला घेत होते. आणि मला कळलं, की ही केस मीच उभी केली होती, साक्षीदार मीच होतो, आणि साक्ष मलाच फिरवायला हवी होती.

मी पिंडासमोर गुडघे टेकले.

"अण्णा, पोचपावती खोटी होती," मी म्हणालो. "दादाचा काही दोष नाही. त्याला काही कळलंच नाही. सेलची चूक नाही, विजेची नाही. माझी आहे. मला माहीत होतं घड्याळ चुकतंय ते. तो सर्व्हर मी आज घरी जाऊन बंद करतो."

'बंद' हा शब्द तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत तो म्हातारा कावळा खाली आला आणि पिंडावर बसला!

आई रडायला लागली, ताई रडायला लागली. दादाने डोळे पुसले आणि आठवड्याने पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हे मात्र लगेच पोचलं," तो म्हणाला.

आयुष्यात मी पाठवलेला वेळेवर पोचलेला तेवढा एकच निरोप. आणि त्याची लॉगमध्ये नोंदसुद्धा नाही.